पंडितजींसाठी वेगळं मशीन

वाईट बातमी सांगायची असली की माझी बायको आधी समोरच्याच्या हातात काहीतरी काम द्यायची. मिल बंद होणार हे तिला माझ्या आधी कळलं, नळावर. त्या दिवशी मी ड्यूटीवरून घरी आलो तर तिने लसणाची परडी माझ्यापुढे ठेवली. "एवढा सोलून द्या." मी सोलत बसलो. अर्धा झाल्यावर म्हणाली, "अहो, गेटला कुलूप लागणार आहे. ह्या वेळचं उघडायचं नाही म्हणतात." मी ताडकन उठलो तर म्हणाली, "आधी लसूण पुरा करा." मी पुरा केला. मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत केला, पण केला. संपला तेव्हा गेटवर जाऊन दगड मारायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. बोटांना नुसता वास येत होता.

तिचं नाव निर्मला. गेल्या हिवाळ्यात गेली. ठेंगणी, जाड चष्म्याची, साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि बोलताना मान एका बाजूला कललेली. इंदूरला परदेशीपुऱ्यात आमच्या गल्लीत तिला सगळे ओळखायचे. आता ते सगळे कुठे आहेत कोण जाणे.

मिल गेली तशी गल्ली बसली. पुरुष ओट्यावर पत्ते कुटायचे, बायका घरात भांडी आपटायच्या. निर्मला मॅट्रिक होती. मी सातवी. ती म्हणाली, "मी कॉम्प्युटर शिकते." मी म्हटलं, "ह्या वयात? पोरी हसतील." म्हणाली, "हसू देत. हसणारी पोरगी शिकवते पण छान." क्लासातल्या पोरी तिला काकू म्हणायच्या आणि तिच्या डब्यातले पोहे खायच्या. त्यांच्याकडून ती सगळं शिकली.

मग तिला कैलाशजींच्या दुकानात काम मिळालं. कैलाशजी म्हणजे शाळेच्या गणवेशांचे मोठे व्यापारी. कपडा मार्केटात दुकान, मागे गोदाम. इंदूरच्या, देवासच्या, महूच्या शाळा त्यांच्याकडे. माणूस तसा गोड. कोणाला नाही म्हणणं त्यांच्या जिभेला जमायचंच नाही. निर्मला लागली आणि सहा महिन्यांत तिने मलाही गोदामात इस्त्रीला लावलं. पण तिचं खरं काम वेगळंच. तिने कैलाशजींना पटवलं की शिलाई बाहेर देता ती आमच्या गल्लीत द्या. मिलवाल्यांच्या घरात मशिनी आल्या. सुमन वहिनी आमच्या शेजारी, तिचा नवरा मिल गेल्यापासून अंथरुणाला टेकलेला. ती शर्टाच्या कॉलरी शिवायला लागली. मागच्या चाळीतही मशिनी खडखडायला लागल्या. दुपारी गल्लीत शिरलं की मला वाटायचं, मिलचं एक लहानसं खातं इथे चालू झालंय.

आणि ही सगळी घरं कशावर चालत होती? दुकानातल्या त्या एका कॉम्प्युटरवर. मार्च-एप्रिलमध्ये शाळांत जाऊन पोरांची मापं घ्यायची, चिठ्ठ्या आणायच्या, निर्मलाने त्या मशीनमध्ये भरायच्या. कुठली शाळा, कुठला वर्ग, कुठल्या पोराची बाही केवढी. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिलाई, शाळा उघडताना माल हजर. मापं गेली तर हंगाम गेला. हंगाम गेला तर गल्ली गेली. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून ती त्या मशीनकडे असं बघायची जसं आई तापल्या पोराकडे बघते.

कॉम्प्युटरची बडदास्त मात्र सेठ लोकांनी भारी ठेवली होती. काचेची खोली, एसी, आत जाताना चपला बाहेर. पडद्याला लिंबू-मिरची टांगलेली. पण त्याच खोलीत पंडितजी यायचे. मार्केटातल्या सगळ्या व्यापाऱ्यांचे ते पंडितजी. पूर्वी पंचांग आणायचे, आता पिशवीत फ्लॉपी. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी चपटी डबी, तिच्यात कुंडलीचा प्रोग्राम. नवा सौदा करायचा, नवा माणूस ठेवायचा, की पंडितजींची फ्लॉपी मशीनमध्ये घालायची आणि कुंडली छापायची. ह्या दुकानातून त्या दुकानात, त्या दुकानातून पुढच्या. बाकी लोकांना मशीनला हात लावायची मनाई, आणि ही फ्लॉपी सगळ्या मार्केटच्या मशीनमध्ये जाऊन आलेली. तिला अडवणार कोण? शुभ वस्तू ती.

एकदा समोरच्या धाग्याच्या दुकानातलं मशीन बसलं. व्हायरस, म्हणाले. मग एक शिकलेला कंपनीवाला कैलाशजींकडे आला, टाय लावून. त्याने बोटं नाचवत सांगितलं, "सेठजी, एक दिन आपका सब उड जाएगा. सब कुछ. फिर बैठना सर पकडके." कैलाशजींचा चेहरा पडला. मग लाल झाला. "भिया, सुबह सुबह दुकान पे आके अशुभ बोलते हो? चाय पियो और चलते बनो." तो गेल्यावर कैलाशजींनी दुकानात गंगाजल शिंपडलं आणि मशीनला अजून एक लिंबू बांधलं.

मी घरी म्हटलं, "मीच सांगतो उद्या सेठला. सरळ. तुमचा पंडित उवांचा कंगवा घेऊन फिरतोय म्हणतो."

निर्मला हसली. "तुम्ही बोलायला लागलात की लूम चालू झाल्यासारखं वाटतं. समोरचा कानात बोटं घालतो."

"मग खोटं बोलू?"

"खरंच सांगायचं. पण भीती दिली की सोबत कामही द्यायचं. नाहीतर माणूस भीती घरी घेऊन जातो आणि काम इथेच राहतं."

दुसऱ्या दिवशी मी गोदामातून गठ्ठे आणायला दुकानात गेलो तेव्हा ती सेठच्या समोर बसली होती. सेठच्या हातात तिने लेबलं दिली होती, चिकटवायला. एवढा मोठा सेठ, जीभ लावून लेबलं चिकटवत होता. ती म्हणत होती, "कैलाशजी, पंडितजी घर-घर जाते हैं. किसी घर में बच्चे को गोवर हो, तो पंडितजी का क्या दोष? पर आपण आपल्या बाळाला तर जपणार ना?"

"हां, वो तो है," सेठ म्हणाले.

"तो मागे पडलेलं जुनं मशीन आहे ना, ते पंडितजींना देऊ. छान चौरंगावर ठेवू. पिवळं कापड घालू. पंडितजींचं आसनच. तिथेच कुंडली काढायची, तिथेच छापायची. आपल्या मशीनला काहीच लागणार नाही, और पंडितजी का मान भी रहेगा."

सेठ खूश. "भाभीजी, ये बात उस टायवाले ने क्यों नहीं बोली?"

मग तिने लेबलं लावलेल्या फ्लॉप्यांचा डबा पुढे सरकवला. त्यांत ती सगळ्या मापांची नक्कल करून ठेवायची. "आणि हा डबा रोज संध्याकाळी घरी न्यायचा. दुकानात ठेवायचा नाही. हीच तुमची लक्ष्मी समजा, कैलाशजी. मशीन बिघडलं तर नवं येईल. ही गेली तर नाही येणार."

सेठने डबा कपाळाला लावला. मी दारात उभा होतो, मला बरं वाटलं. मनात म्हटलं, बाईला जमतं हे.

आणि जमलंच. दोन हंगाम मशीनला काही झालं नाही. मार्केटातले बाकीचे व्यापारी तिला बोलवायला लागले. ती जायची, चहा घ्यायची, आधी विचारायची, "शेठजी, उद्या सकाळी हे मशीन चालूच झालं नाही तर पहिला फोन कोणाला कराल?" ते विचारात पडायचे. मग ती म्हणायची, "चला, तो नंबर आत्ताच लिहून ठेवू." एवढंच. कोणाला मूर्ख म्हणाली नाही. मी म्हणायचो, "असल्यांना शिव्याच पाहिजेत." ती म्हणायची, "शिवी खाऊन कोणता सेठ शहाणा झालाय? दुकान त्याचं, झोप त्याची. आपण उशी नीट करून द्यायची."

ही उशीच नडली असं ती पुढे म्हणायची. मला अजून पटत नाही. पण सांगतो काय झालं.

त्या वर्षी आखातीजेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, महूला तिच्या भाचीचं लग्न होतं. आखातीजेला इकडे निम्मी लग्नं लागतात आणि व्यापारी नवा मुहूर्त करतात. आम्ही दोघं आदल्या दिवशीच महूला गेलो. जाण्याआधी तिने सगळ्या शाळांची मापं भरून पुरी केली, डबा सेठच्या हातात दिला. काही शाळांचे कागद छापून कटिंगला गेले होते, बाकीचे परत आल्यावर छापायचे होते. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, पोरं आजोळी पांगलेली.

लग्न छान झालं. निर्मला नाचली. ती नाचली ते मी दोनदाच पाहिलं, त्यातलं हे दुसरं.

परत आलो त्या सकाळी मी तिच्याबरोबरच दुकानात गेलो, सेठला लग्नाचे लाडू द्यायला. मशीन चालू होईना. पडदा नुसता काळा. वर इंग्रजीत एक ओळ. निर्मलाने ती वाचली आणि खुर्चीवर बसली. चौरंगावरचं मशीन पिवळ्या कापडात तसंच झाकलेलं होतं. हे मशीन मात्र कुंकवाने माखलेलं.

"कैलाशजी, काल इथे कोण बसलं होतं?"

सेठ इकडे तिकडे बघायला लागले. "वो... पंडितजी आए थे, मुहूर्त के लिए. बोले, लक्ष्मी का मुहूर्त पुराने डिब्बे पर नहीं निकलता. बाजार में लोग हँसते हैं, कैलाशजी हमको नौकर वाली मशीन देते हैं. अब आखातीज के दिन, भाभीजी..."

"बरं," ती म्हणाली. आवाज शांत होता. मी तिला ओळखत होतो, म्हणून मला माहीत होतं की तो शांत नव्हता. "काही हरकत नाही. मशीन साफ करू. डबा घरून मागवा. नक्कल आहे आपल्याकडे."

सेठचा चेहरा एकदम खुलला. "घर से क्यों? यहीं है!" आणि त्यांनी देवापुढचं चांदीचं ताट आणलं.

सगळ्या फ्लॉप्या त्या ताटात. ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीवर झेंडूचं फूल. आणि प्रत्येकीचा तो पत्र्याचा सरकता पडदा उघडून, आतल्या तपकिरी चकतीवर कुंकवाचं ओलं बोट. वर अक्षता. वर गंगाजल.

"ऊपर पतरे पे लगाके क्या होता," सेठ म्हणाले. "लक्ष्मी तो अंदर है. मैंने खुद एक-एक को लगाया."

मी बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सेठ माझ्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होते, लहान पोरासारखे. म्हणाले, "भाभीजी, आपने ही तो कहा था, यही लक्ष्मी है. लक्ष्मी की पूजा नहीं करते क्या?"

तिने खोचलेला पदर काढला, चष्मा पुसला, आणि एकेक फ्लॉपी पुसायला घेतली. मऊ कापडाने, फुंकर मारून. कुंकू जात नव्हतं, पसरत होतं. पंडितजींच्या जुन्या मशीनवर एकेक घालून बघायची. मशीन घरघर करायचं आणि नाही म्हणायचं. सगळा दिवस गेला. महूच्या एका लहानशा शाळेची मापं तेवढी निघाली. तिने मला ती दाखवली, जशी काही पोराची मार्कशीट.

मापांच्या चिठ्ठ्या? आखातीजेआधी दुकान झाडायचं म्हणून रद्दीत गेल्या होत्या. कंपनीवाल्याला बोलावलं, तो टायवालाच. त्याने मशीन नेलं, आठवड्याने आणून ठेवलं. म्हणाला, "कुछ नहीं बचा." ह्या वेळी त्याने बोटं नाचवली नाहीत.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं फिरलो. टेप घेऊन, घरोघर. ज्या शाळांच्या हेडमास्तरांनी पत्ते दिले त्यांच्या पोरांच्या दारात. निम्म्या दारांना कुलूप. कोणी म्हणायचं, माप तर दिलं होतं ना? ती म्हणायची, "हो बाळा, आमच्याकडून हरवलं." आमच्याकडून. मी म्हणायचो, "सेठकडून म्हण." ती ऐकायची नाही. उन्हाने तिच्या पायाला फोड आले. तरी सगळं मिळून सेठच्या मालाचा एक कोपरा भरला नाही.

शाळा उघडल्या. पोरं जुन्या कपड्यांत आली. शाळांनी एकेक करून दुसरीकडे माल घेतला. बाहेरच्या कारखान्यांचा तयार माल तेव्हा नुकताच यायला लागला होता, लहान-मध्यम-मोठा, मापं घ्यायची भानगडच नाही. पुढच्या वर्षी कैलाशजीसुद्धा त्याच मालाचे एजंट झाले. त्यांचं बरं चाललं. शिलाईची गरज राहिली नाही.

गल्लीतल्या मशिनी एकेक करून विकल्या गेल्या. सुमन वहिनीने सगळ्यात शेवटी विकली. हातगाडीवर मशीन चढवून झाल्यावर ती आमच्या दारात आली. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "निर्मलाताई, मिल गेली तेव्हा शिव्या द्यायला मालक तरी होता." आणि घरात गेली.

त्या रात्री निर्मला जेवली नाही. म्हणाली, "अहो, मी भीती काढूनच टाकली. त्याला त्रास होऊ नये म्हणून सगळी काढली. उरली नुसती पूजा."

मी म्हटलं, "तो गाढव आहे."

"तो गाढव असेल. पण गाढवाला कळेल असं सांगायचं काम माझं होतं ना?"

नंतर एका दुकानात तिने वेगळ्या रीतीने करून पाहिलं. सरळ म्हणाली, "शेठजी, हे असंच ठेवलंत तर तुमचा धंदा बुडेल, आणि तुमच्याबरोबर वीस घरं बुडतील." माझ्या तोंडचे शब्द. त्या शेठने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका सांगितलं. तेव्हापासून ती मशीनला बसली नाही. घरी बटणं लावायची, पापड लाटायची. नात्यातली पोरं मोबाईल घेऊन यायची, काकू हे बघा, काकू ते बघा. ती हात मागे घ्यायची.

आणि तिची ती सवय गेली. हातात काम देऊन बोलायची. पुढे तिची किडनी गेली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं तिने मला कसं सांगितलं? नुसतं सांगितलं. मी चहा पीत होतो. म्हणाली, "नाही होणार बरं." कप माझ्या हातातच राहिला.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत ती बाकी कशाबद्दल बोलली नाही. ना माझ्याबद्दल, ना घराबद्दल. छताकडे बघत विचारायची, "मी त्यांना काय सांगायला हवं होतं?" मी म्हणायचो, झोप. परत विचारायची. "कोणता शब्द हवा होता?" इतक्या वर्षांनी. मी तिची चादर सारखी करायचो. मी इस्त्रीवाला माणूस.

तेराव्याला कैलाशजी आले. मोटारीतून, पोराच्या खांद्याला धरून. डोक्यावरचे केस गेलेले. तिच्या फोटोला हार घातला आणि खाली सतरंजीवर बसले, उठता येईना म्हणून बसूनच राहिले. पोराला गाडीत जायला सांगितलं. मग म्हणाले, "भाऊसाहब, एक बात है."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"भाभीजी सोचती रही कि मैं समझा नहीं. मैं समझ गया था. पहले दिन ही समझ गया था. गोवर वाली बात... इतना साफ तो किसी ने बताया नहीं. उस दिन पंडितजी ने फ्लॉपी निकाली तब मेरे हाथ ठंडे पड गए थे."

"मग?"

"पंडितजी को ना नहीं बोल पाया. पूरा बाजार बैठा था. और फिर डर लगा, तो वो डब्बा भी मंगवा लिया, कि भगवान के सामने रख दूं तो कुछ नहीं होगा. पूजा तो डर के मारे की थी, भाऊसाहब. समझके की थी. बाद में भाभीजी ने अपने ऊपर ले लिया तो मैंने... मैंने लेने दिया."

घरात बायका भांडी आवरत होत्या. मला तिचा हॉस्पिटलातला आवाज आठवला नाही. काहीच आठवलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मला नका सांगू. बाहेर जा. गल्लीत जाऊन सांगा. ज्यांच्या मशिनी विकल्या गेल्या त्यांना सांगा की निर्मलाने नीट सांगितलं होतं."

मला वाटलं जाणार नाही. पण गेले. भिंत धरून उठले, चपला घातल्या, एकटेच बाहेर पडले. मी खिडकीतून बघत होतो. सुमन वहिनीच्या घराच्या जागी तीन मजली फ्लॅट झालेत. ती पोराकडे पुण्याला गेली, तिथेच वारली. पुढच्या घरात मोबाईलचं दुकान. मागची चाळ पाडून पार्किंग केलंय. कैलाशजी एका दारापुढे थांबले, बेल वाजवली. एक पोरगी बाहेर आली, कानाला फोन. त्यांनी काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दारातही तसंच. तिसऱ्या दारापुढे नुसते उभे राहिले.

परत आले तेव्हा धापा टाकत होते. उंबऱ्यातच थांबले.

"भाऊसाहब, यहां तो उनको जानने वाला कोई है ही नहीं."

मी म्हटलं, "माहीत आहे मला."